पाडव्याची बाग

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. मावशी शाळेतून निवृत्त झालेली. साताऱ्याच्या बाहेर नवीन वस्तीत तिनं छोटं घर बांधलं आहे आणि घरामागे दीड गुंठा जागा मोकळी आहे. "यंदा पाडव्याला बाग सुरू करायची," ती म्हणाली. "फुलझाडं आणि औषधी झाडं. पण माझी एक अट आहे. सगळी झाडं आपली हवीत. परदेशी काही नको. माझ्या आईच्या परसात होतं तसं. तू इतिहासाचा माणूस, तू यादी तपासून दे."

मंडळी, काम सोपं वाटलं म्हणून मी हो म्हणालो. तुळस, झेंडू, गुलबाक्षी, चाफा, जास्वंद, कोथिंबीर, पुदिना, कोरफड, सदाफुली, पारिजातक, गवती चहा, ओवा. यादी पुढे बरीच लांब होती. यात तपासायचं ते काय, असं मला वाटलं होतं. त्या यादीनं मला पुढचे तीन महिने पुस्तकांत गुंतवून ठेवलं.

पहिली अडचण झाडांची नव्हतीच, मुहूर्ताची होती. वसंत म्हणजे बागेची सुरुवात, ही कल्पना आपल्या डोक्यात कुठून आली? पंचविसेक वर्षांपूर्वी मी स्वतः हा प्रयोग केला होता. एका इंग्रजी पुस्तकात 'वसंतात पेरा' असं वाचलं, रंगीत पाकिटातली बियाणं आणली आणि पाडव्याच्या दिवशी गच्चीतल्या कुंड्यांत पेरली. रोपं उगवली, चार-चार पानांची झाली आणि वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात सगळीच्या सगळी करपली. चूक बियाण्याची नव्हती. ते पुस्तक ज्या देशातलं होतं, तिथं हिवाळ्यात जमीन गोठते आणि मार्चमध्ये मोकळी होते. शेवटचं हिम पडून गेलं की तिथला माणूस कुदळ हातात घेतो. आपल्याकडे मार्चमध्ये जमीन भेगाळायला लागते. आपला वसंत हा झाडानं फुलायचा काळ आहे, रोप लावायचा नव्हे. पळस, पांगारा, सावर हे ज्या दिवसांत पेटतात, त्या दिवसांत त्यांची मुळं कित्येक वर्षं जुनी झालेली असतात. आपली लावणी मृगावर, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे नीट ठाऊक होतं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' लिहिली. ज्योतिषाचा ग्रंथ म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण तिच्यात वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्याला फांद्या फुटलेल्या नाहीत ते रोप शिशिरात हलवावं, फांद्या फुटलेलं हेमंतात आणि चांगलं खोड धरलेलं पावसाच्या आरंभी, असं तो सांगतो. वसंताचं नाव या यादीत नाही. उन्हाळ्यात रोपाला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात फक्त जमीन सुकलेली दिसली तर, असंही तो सांगतो. त्याची आणखी एक सूचना मला फार आवडली. मऊ जमीन सगळ्याच झाडांना मानवते, तेव्हा आधी तिच्यात तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथंच चिरडून मातीत मिसळावेत. आज शेतीखात्याची पत्रकं हिरवळीच्या खताविषयी जे सांगतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

घराजवळच्या बागेचा याहून जुना आणि जास्त घरगुती तपशील जिथं सापडतो, ते पुस्तक आपण सहसा बागकामासाठी उघडत नाही. वात्स्यायनाचं 'कामसूत्र'. साधारण तिसऱ्या शतकातला हा ग्रंथ. त्यात गृहिणीच्या कामांचा एक भाग आहे आणि त्यातलं एक काम म्हणजे घराची बाग. तिनं पालेभाज्यांचे वाफे करावेत, उसाची बेटं लावावीत. जिरं, मोहरी, अजमोदा, शतपुष्पा लावावी. आवळा, मल्लिका, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद आणि वाळा लावावा. मध्ये विहीर किंवा तळं खणून घ्यावं आणि बसायला ओटे करावेत. मुळा, पालक, दवणा, काकडी, वांगं, कोहळा, दुध्या, सुरण, लसूण, कांदा यांचं बी वेळच्या वेळी धरून ठेवावं आणि वेळच्या वेळी पेरावं. म्हणजे बी विकत आणायचं नाही, घरचं धरायचं, आणि ही जबाबदारी बाईची. सतराशे वर्षांनी माझी आजी, म्हणजे मावशीची आई, हेच करत होती. तिनं अर्थातच वात्स्यायनाचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तर ते पुस्तक तिनं घरात येऊ दिलं नसतं.

यातला दवणा पाहा. चैत्रात आपल्याकडे देवाला दवणा वाहतात. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत गुलाल आणि दवणा, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. वसंतातली आपली खरी सुगंधी वनस्पती कुठली, असं विचारलं तर मी दवण्याचं नाव घेईन. मावशीच्या यादीत तो नव्हता. मी घातला.

आता बाकीची यादी. इथं मला घाम फुटायला लागला.

झेंडू मेक्सिकोचा. तिथले लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या मृत आप्तांचं स्मरण करतात, तेव्हा घरात वेदी मांडून ती याच फुलांनी सजवतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातली आंब्याची पानं जुनी आहेत, झेंडू मात्र फार तर चार-पाचशे वर्षांचा. निशिगंध, म्हणजे गुलछडी, मेक्सिकोचीच. गुलबाक्षी अमेरिका खंडातली. नाव फारसी वळणाचं आणि जन्म दुसऱ्या गोलार्धातला. कर्दळही तिकडचीच. देवळाच्या आवारात वर्षानुवर्षं उभा असलेला पांढरा चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो, तोसुद्धा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. सोनचाफा तेवढा इकडचा. सदाफुली मादागास्करची. कोरफड अरबस्तानची. कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या बाजूची, पण ती इतक्या जुन्या काळी आली की तिला परकी म्हणताना जीभ अडखळते. शेवंती चीनची. आणि जास्वंद, जी वात्स्यायनाच्या यादीत जपा या नावानं आहे, तिचे पूर्वज पॅसिफिकमधल्या बेटांकडचे असावेत, असं वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात.

मावशीला हे फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "चाफासुद्धा?"

अमेरिकेतली झाडं आपल्याकडे आली ती मुख्यतः पोर्तुगीज जहाजांच्या काळात. बटाटा, काजू, अननस ही नावंच पोर्तुगीज आहेत. दुसरी एक वाट स्पॅनिश गलबतांची. १५६५ पासून १८१५ पर्यंत ही गलबतं मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला जा-ये करत होती आणि तिथून आशियाभर माल पसरत होता. चांदीचा हिशेब कागदावर राहिला. खलाशाच्या कमरेच्या पुरचुंडीतून, पाद्र्याच्या पेटीतून किंवा मातीच्या कुंडीतून जी झाडं आली, त्यांचा हिशेब बहुतेक वेळा कुणी ठेवला नाही.

पण झाडांचा हिशेब ठेवणारा एक माणूस त्या काळात आपल्या किनाऱ्यावर राहत होता, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य. स्पेनमध्ये शिकलेला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात त्याचं जाणं-येणं होतं. निजामशाहावर तो उपचार करत असे. तिथं त्याची हकिमांशी आणि वैद्यांशी गाठ पडे, औषधांवर वाद होत. पुढे पोर्तुगालच्या राजाकडून त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्यानं मिळालं. हो, आपली मुंबई. तिथं त्याचं घर होतं आणि बाग होती. आज टाउन हॉलच्या मागे नौदलाच्या हद्दीत जी जागा आहे, तिथंच ते घर होतं असं मानतात. आपल्या मुंबईच्या बागेतल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्यानं मोठ्या कौतुकानं लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या बागेविषयीचं इतकं जुनं आणि इतकं आपुलकीचं वाक्य दुसरं माझ्या वाचनात नाही.

१५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापून झालं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे संवाद. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षं झाली होती आणि छपाई चुकांनी भरलेली होती. पण आतला मजकूर अस्सल. ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा गप्पा मारतात. पाहुण्याला युरोपातल्या जुन्या ग्रंथांचा भारी आधार वाटतो आणि ओर्ता त्याला परोपरीनं सांगतो की, इथं डोळ्यांनी पाहिलेलं मी सांगतो आहे, मला ग्रीक पंडितांची भीती घालू नकोस. आलं, वेलदोडा, हिंग, भांग, धोतरा, निर्गुडी, कडुनिंब, आंबा, विडा. सगळं त्यात आहे. पटकीचं वर्णन आहे आणि तिचं इथलं नावही आहे, जे आपल्या 'मोडशी'वरून आलं. पुढे युरोपीय भाषांत या शब्दाची इतकी मोडतोड झाली की फ्रेंचांनी त्यातून 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ काढला.

त्याच पुस्तकात आपला पारिजातक आहे. ओर्ता त्याला 'दुःखी झाड' म्हणतो आणि गोव्यातलं त्याचं नावही देतो. इथल्या लोकांकडून ऐकलेली कथाही सांगतो. एक मुलगी सूर्यावर भाळली, सूर्यानं तिला टाकलं, तिनं जीव दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याच्या फुलांना सूर्य सहन होत नाही. फुलाच्या केशरी देठाचा रंग जेवणात केशरासारखा वापरतात, हेही त्यानं पाहिलं होतं. दोनशे वर्षांनी लिनियसनं या झाडाला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'दुःखी झाड' हे शब्द लॅटिनमध्ये तसेच राहिले. आज जगातल्या कुठल्याही वनस्पती उद्यानात पारिजातकापुढे जी पाटी असते, तिच्यावर हे दुःख लिहिलेलं असतं.

ओर्ताचं स्वतःचं दुःख त्या पुस्तकात नाही. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. त्यांना पोर्तुगालमध्ये १४९७ साली सक्तीनं ख्रिस्ती व्हावं लागलं होतं. बाहेरून ख्रिस्ती, आतून ज्यू असल्याचा संशय अशा घराण्यांचा पिच्छा सोडत नसे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, तेव्हा त्याच्यावर हात टाकला गेला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. पणजीच्या चर्चसमोर आज जी नगरपालिकेची बाग आहे, तिला त्याचं नाव आहे. संध्याकाळी तिथं मुलं खेळत असतात.

ओर्ताच्या पुस्तकात आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याकडे मी पहिल्या वाचनात लक्षच दिलं नव्हतं. तिचं नाव आंतोनिया. ती घरातली दासी आहे. दोन विद्वान बसून बोलत असतात आणि मध्येच हाक जाते, आंतोनिया, ते झाड आण, ती फांदी आण, ते फळ आण. ती जाते आणि बरोबर तेच आणते. म्हणजे बागेत काय कुठं आहे, कुठलं पान कुठल्या झाडाचं, हे तिला ठाऊक आहे. पुस्तकाला ती कुठली, तिला हे कुणी शिकवलं, यात रस नाही. पाहुण्याचं कुतूहल झाडांपाशी संपतं.

इंग्रजांविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या करपलेल्या कुंड्यांचा धागा त्यांच्यापर्यंत जातो. इंग्रज मडमांना आपल्या बंगल्यापुढे मायदेशाची फुलं हवी असत. त्यांनीही आधी चुकून पाहिलं आणि मग त्यांना कळलं की, विलायतेचा वसंत इथं ऑक्टोबरात येतो. पाऊस ओसरला की पेरा, डिसेंबर-जानेवारीत फुलं घ्या, मार्चमध्ये विसरून जा. फर्मिंजर नावाच्या एका पाद्र्यानं १८६० च्या दशकात कलकत्त्याहून बागकामाचं एक जाडजूड पुस्तकच काढलं, ते पुढे पिढ्यानपिढ्या वापरात राहिलं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, ते त्याच वेळापत्रकातलं. पण बंगल्यापुढची बाग आणि घरामागचं परसू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची बाग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, मागचं परसू घराला पुरवायचं. आपण स्वातंत्र्यानंतर जी घरं बांधली, त्यांत पुढचा तुकडा राखला आणि मागचा गाळला, असं मला वाटतं. फ्लॅटमध्ये तर पाठीमागची बाजूच उरली नाही.

मावशीच्या आईचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याला साठ वर्षं होत आली. घराचा फोटो नाही, उतारा कुठल्या तरी दप्तरात असेल, पण परसाचा उतारा कोण ठेवतं? मी मावशीला म्हणालो, झाडांचं मूळ गाव बाजूला ठेव, तुला आठवतं ते सांग, मी लिहून घेतो. तीन रविवार ती फोनवर सांगत होती.

मागच्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला मोरीचं पाणी जायची चर. तिच्या कडेनं अळू, मग कर्दळ, मग केळ. सांडपाणी केळीपर्यंत पोचेतो मुरून जाई, वास म्हणून नाही. भांडी घासलेली राख तिथंच पडे. चरीपासून दूर, कोरड्यात, कोरफड, कारण तिला ओल चालत नाही. अडुळसा कुंपणाला, कारण त्याला गुरं तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला पानं हाताशी राहतात. तुळस दारात, उन्हाला. गवती चहा पायरीशी, येता-जाता तोडायला. ओव्याच्या पानाचं झुडूप माठाखाली, जिथं पाणी ठिबकतं. गुलबाक्षी कुणी लावलेली नव्हती, आपोआप यायची, आणि तिची फुलं उमलली की दिवे लावायची वेळ झाली असं समजायचं. भोपळ्याचं, काकडीचं, दोडक्याचं बी राखेत कालवून मडक्यात. मडक्याच्या तोंडाला फडकं. मृगाचा पहिला पाऊस पडून वाफसा आला की ते मडकं खाली यायचं, त्याआधी कुणी हात लावायचा नाही.

"आणि पाडव्याला काय व्हायचं परसात?" मी विचारलं.

"पाडव्याला? कडुनिंबाचा मोहोर आणायचा आणि आळी करायची," ती म्हणाली. "खड्डे घ्यायचे. उन्हात तापू द्यायचे दोन महिने. त्यातले किडे, हुमण्या उन्हानं मरतात. मग शेणखत आणि पालापाचोळा भरायचा आणि पावसाची वाट बघायची."

मी पुस्तकात शोधत होतो ते उत्तर इथं होतं. पाडव्याला बाग सुरू करायची असते ती खड्ड्यानं, रोपानं नव्हे. मला हे पंचवीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, तेव्हा आजी होती.

मावशीनं पाडव्याला दोन गडी लावून अठरा खड्डे घेतले. वैशाखभर ते तापले. वराहमिहिराचे तीळ तिनं हसण्यावारी नेले. मग एका कोपऱ्यात, गंमत म्हणून, पाऊस पडल्यावर मूठभर टाकले. रोपं आणायला मी तिच्याबरोबर गेलो. अडुळसा, पारिजातक, तगर, जाई, वाळा घेतला. दवण्याचं रोप मिळालं नाही. रोपवाटिकेत एका रांगेत पांढऱ्या चाफ्याच्या फांद्या लावलेल्या होत्या. ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

मी म्हणालो, "मावशी, तुझी अट."

"तुझ्या त्या डॉक्टरकडे ती मुलगी होती ना, आंतोनिया," ती म्हणाली. "तिला कळलं असतं का रे, हे झाड परदेशी आहे म्हणून?"

मी म्हणालो, तिला पान ओळखता आलं असतं एवढं नक्की.

तिनं चाफ्याच्या दोन फांद्या घेतल्या. झेंडूचं बी तिच्याकडे गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं होतंच, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेलं. यादी तिनं माझ्याकडून परत मागून घेतली आणि 'परदेशी' म्हणून मी खुणा केलेल्या नावांपुढे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मी नंतर पाहिलं. तिनं प्रत्येक नावापुढे ते झाड आईच्या परसात कुठं होतं, ती जागा लिहिली होती. देवचाफ्यापुढे लिहिलं होतं, विहिरीच्या पूर्वेला, धुण्याच्या दगडाजवळ.

परवा तिचा फोन आला होता. पारिजातकानं पान धरलं आहे, तीळ गुडघ्याएवढे झाले आहेत आणि शेजारच्यांची शेळी कुंपणातून शिरून जास्वंद खाऊन गेली. अडुळशाला मात्र तिनं तोंड लावलं नाही.